ईशापूरचा स्क्रू

जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांत बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या रायफलीला फारसा मान नाही. पेनसिल्व्हेनियात आमच्याकडे शनिवार-रविवारी जत्रेच्या मैदानातल्या मोठ्या शेडमध्ये बंदुकांचा बाजार भरतो, तिथे हे लगेच दिसतं. पहिल्या रांगेत जर्मन माउझर; त्यातही ज्यांच्या प्रत्येक सुट्या भागावर एकच नंबर आहे त्या पुढे. मग स्विस, मग अमेरिकन स्प्रिंगफील्ड आणि गॅरंड, मग इंग्लंडात बनलेल्या एनफील्ड, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या रायफली. ईशापूरची एनफील्ड शोधायची तर टेबलाखाली वाकावं लागतं, नाहीतर कोपऱ्यातल्या पिंपात चार-पाच नळ्या वर करून उभ्या असतात त्यात हात घालावा लागतो. 'इंडियन आहे', एवढंच विकणारा सांगतो. किंमत कमी का, याचं उत्तर त्यातच आलं.

मी त्याच जमवतो.

लोकांना वाटतं हे देशप्रेम. थोडं असेलही. मी खडकीचा. तिथली अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची, आणि आमच्या आळीतल्या निम्म्या घरांचा दिवस तिच्या भोंग्यावर चालायचा. बाबा तिथे फिटर होते. आत काय चालतं ते घरी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे खडकीत काडतुसं बनतात हे मला शाळेत मित्रांकडून कळलं, आणि ती कशी दिसतात ते थेट अमेरिकेत. बाजारात एका म्हाताऱ्याच्या टेबलावर खाकी पुठ्ठ्याच्या डब्यात थ्री नॉट थ्रीची, म्हणजे याच एनफील्डची काडतुसं होती. एक उलटं करून बघितलं, तर बुडावर 'के' आणि 'एफ'. किर्की फॅक्टरी; किर्की म्हणजे इंग्रजांच्या तोंडची खडकी. मी तिथूनच बाबांना फोन लावला. पुण्यात रात्र झाली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. "शिक्का नीट उमटलाय का?" आणि "केवढ्याला देतोय?"

म्हाताऱ्याने काडतुसं बांधून देताना बजावलं, "झाडलीस तर त्याच दिवशी नळी धू. पाण्याने. तेलावर भागवू नकोस." पाण्याने बंदूक धुवायची म्हटलं की नवख्याच्या अंगावर काटा येतो, पण म्हातारा बरोबर होता. या जुन्या काडतुसांच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असतं. ते पेटलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळीतल्या आट्यांना गंज चढवतो. मीठ तेलात विरघळत नाही. वरून कितीही तेल चोपडा, खाली गंजाचं काम चालूच राहतं. म्हणून ब्रिटिश फौजेत उकळतं पाणी नळीत ओतायला खास नरसाळं असायचं. पाणी एवढं गरम हवं की नळी स्वतःच्या उष्णतेने वाळली पाहिजे. मग कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी.

चिंदी. एनसीसी केलेल्यांना आता हसू आलं असेल. पुण्यात कॉलेजात असताना आमचे उस्ताद परेडनंतर ओरडायचे, "फुलथ्रू निकालो, चिंदी डालो!" फुलथ्रू म्हणजे पुल-थ्रू: एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. ते वजन नळीत सोडायचं, दुसऱ्या टोकाच्या फासात चिंदी अडकवायची आणि एका दमात ओढायची. मध्येच थांबलं की उस्तादांच्या शिव्या. सफाईची चिंदी चार इंच बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड, हे अजून पाठ आहे. भूमितीतलं एकही प्रमेय पाठ नाही. आमच्या हातातल्या रायफली कवायतीपुरत्या होत्या, गोळी न झाडणाऱ्या. नेमबाजी पॉइंट टू टूवर. पण दस्त्याच्या पितळी पट्टीतलं झाकण बोटाने उघडायचं आणि आतून दोरी आणि तेलाची बाटली काढायची, ही सवय हाताला तेव्हाच लागली. इथे पहिली ईशापूरची रायफल हातात आली तेव्हा सगळ्यात आधी मी तेच झाकण उघडलं. आत तेलाची बाटली होती. तिच्याभोवती गुंडाळलेली चिंदी काळीकुट्ट झालेली.

हुगळीच्या काठी, कोलकात्याच्या उत्तरेला ईशापूर आहे. कंपनी सरकारच्या काळात तिथे बंदुकीची दारू व्हायची. रायफल फॅक्टरी १९०४ ची. ब्रिटिशांनी १९०७ साली जो मार्क थ्री नमुना पक्का केला, आखूड नळीची, दहा गोळ्यांच्या मॅगझीनची ली-एनफील्ड, तोच ईशापूरने पुढे स्वातंत्र्यानंतरही बनवला. चीनच्या युद्धानंतर साठच्या दशकात तिथेच तिची शेवटची बहीण जन्मली, टू-ए आणि टू-ए-वन. काडतूस ७.६२ मिलिमीटरचं, दाब जास्त, म्हणून पोलाद वेगळं. मॅगझीन बारा गोळ्यांचं, चौकोनी, जरा बेढब. थ्री नॉट थ्रीची नळी बदलून ती केली असं इथे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. खोटं आहे. ती नव्यानेच घडवलेली रायफल आहे.

माझ्याकडच्या एका रायफलीबद्दल जरा सविस्तर सांगतो. दस्ता जिथे पोलादाला मिळतो त्या कड्यावर उजवीकडे मुकुट आहे. त्याखाली जी.आर.आय., त्याखाली ईशापूर आणि १९४२. इंग्लंडात बनलेल्या रायफलीवर नुसतं जी.आर. असतं, जॉर्ज रेक्स, म्हणजे राजा जॉर्ज. ईशापूरच्या शिक्क्यात सम्राटाचा, इंपरेटरचा, आय जास्त. नळीवरचं साल मात्र स्वातंत्र्यानंतरचं आहे, म्हणजे पहिली नळी झिजली आणि दुसरी बसवली. बोल्टवरचा, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा, आधीचा नंबर खोडून नवा ठोकलाय. दस्त्याच्या टाचेजवळ लाकडाचा तुकडा उडाला असणार. तिथे पाचराच्या आकाराचं थिगळ बसवलंय, दोन पितळी खिळ्यांनी. थिगळाचं लाकूड दस्त्याहून फिकट आहे. बसवणाऱ्याने रंग जुळवायचा प्रयत्नही केलेला नाही. पण सांध्यातून नख जात नाही. आणि मॅगझीनच्या पुढे, लाकडात आडवा घातलेला एक स्क्रू.

हा स्क्रू म्हणजे ईशापूरची ओळख. एनफील्डचं पुढचं लाकूड प्रत्येक गोळीचा धक्का झेलतं, आणि धक्के खाऊन खाऊन चिरतं. हिंदुस्थानच्या हवेत तर जास्तच: उन्हाळ्यात आक्रसायचं, पावसाळ्यात फुगायचं. त्यातून अक्रोडाऐवजी देशी लाकूड. म्हणून ते चिरायच्या आतच आरपार स्क्रू घालून आवळून टाकायचं. काही रायफलींना तर पुढच्या लाकडाभोवती तारेचे वेढे असतात, डाग देऊन पक्के केलेले. त्या ग्रेनेड फेकायच्या. नळीच्या तोंडावर वाटी बसवून त्यातून मिल्स ग्रेनेड उडवायचं; त्या हिसक्याने लाकूड फुटलं, किंवा नळीच फुटली, तर तुकडे शिपायाच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून तार. संग्राहक मंडळी या स्क्रूकडे बघून नाक मुरडतात. 'ओरिजिनल' नाही ना!

माझा वाद इथेच आहे. 'जशी कारखान्यातून बाहेर पडली तशीच' हा जो आदर्श या छंदात धरतात, तो खरं तर न वापरलेल्या बंदुकीचा आदर्श आहे. जिच्या सगळ्या भागांवर एकच नंबर आहे, लाकडावर ओरखडा नाही, अशी रायफल बहुतेक वेळा कुठल्या तरी कोठारात ग्रीसमध्ये बुडून पडलेली असते. सुंदर दिसते, मान्य. पण तिच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. ईशापूरच्या रायफलीवर तीन पिढ्यांच्या आर्मोररांचे, म्हणजे पलटणीतल्या शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यांचे, हात फिरलेत. कोणी नळी बदलली, कोणी बोल्ट घासून बसवला, कोणी थिगळ लावलं. यातल्या एकाचंही नाव कुठे नाही. त्यांची सही म्हणजे तो फिकट तुकडा आणि तो स्क्रू. हे जपायचं नाही तर मग जपायचं काय?

जपणं म्हणजे नेमकं काय, यावरून मी बाजारात पुष्कळ भांडतो. ग्रीस काढायलाच हवं, त्यात दुमत नाही. कॉस्मोलीन नावाचा तो तपकिरी चिकटा वर्षानुवर्षं लाकडात मुरलेला असतो. उन्हाळ्यात काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत लाकूड गुंडाळून उन्हात ठेवलं की घाम फुटल्यासारखा तो बाहेर येतो. पुसायचं, पुन्हा ठेवायचं. आमच्या हिच्या मते त्या दिवसांत गच्चीला गॅरेजचा वास येतो. पोलादावरचा गंज तेलात भिजवलेल्या कांस्याच्या लोकरीने हलक्या हाताने काढायचा. तिने गंज निघतो आणि खालचा काळा रंग राहतो. लाकडाला जवसाचं कच्चं तेल. हो, आपल्या चटणीतला जवस. तेल तळहाताने चोळायचं, हात गरम होईपर्यंत, आणि उरलेलं पुसून टाकायचं. पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. मी त्या दोरीवर पसरून वाळवतो.

पॉलिश पेपर मात्र घरात नको. एकदा बाजारात १९१८ सालची एक रायफल दिसली. आधीच्या कुठल्या तरी मालकाने दस्ता घासून गुळगुळीत केला होता आणि वर डायनिंग टेबलाला देतात तसं चकचकीत पॉलिश मारलं होतं. पितळी पट्टी आरशासारखी. लाकडावर तपासनिसांचे बारीक शिक्के असतात, पलटणीने रंगवलेला रॅक नंबर असतो, ते सगळं भुग्यात गेलेलं. विकणारा अभिमानाने म्हणाला, "नव्यासारखी केलीये." मला काय बोलावं सुचेना. मी तिला हात न लावता पुढे गेलो.

सगळ्यात मोठा वाद काळ्या रंगाचा. हिंदुस्थानातून आलेल्या पुष्कळ रायफलींवर जाड काळा रंग फासलेला असतो, दमट हवेत पोलाद टिकावं म्हणून. ब्रशाचे फराटे दिसतात, कुठे ओघळ वाळलेला. कुरूप, यात शंका नाही. इथले लोक तो रसायनाने उतरवून खालचं पोलाद उघडं करतात आणि फोटो टाकतात. मी तसाच ठेवतो. ज्याने तो फासला त्याला संग्रहाची चिंता नव्हती, पुढच्या पावसाळ्याची होती, आणि त्या रंगामुळेच ही रायफल माझ्यापर्यंत धडपणे पोचली.

या छंदात थापाही फार. ईशापूरची रायफल घेताना विकणारा हमखास सांगतो, ही बर्मात लढलीये. पुरावा शून्य, किंमत मात्र वाढलेली. त्याहून मजेशीर माल खैबरकडचा. दर्रा आदम खेलचे कारागीर हाताने एनफील्ड घडवतात, अगदी शिक्क्यांसकट. पण शिक्के बघून बघून कोरलेले. अक्षर न ओळखणाऱ्या हातांनी. एनफील्डमधला एन उलटा असतो. मुकुटाखाली व्ही.आर., म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि त्याखाली साल १९०९. राणी वारली १९०१ ला. अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी अशा पुष्कळ बंदुका आठवण म्हणून आणल्या. त्या चालवणं धोक्याचं, कारण पोलाद कुठलं याचा भरवसा नाही. भिंतीवर मात्र मला एक ठेवायला आवडेल. नक्कल म्हणून तिला हिणवणाऱ्यांनी एकदा कानस घेऊन बोल्ट घडवून बघावा.

'तुम्हाला तिकडे बंदूक ठेवू देतात?' हा पुण्याहून येणारा ठरलेला प्रश्न. देतात, पण सरसकट नाही. कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगणं इथे गुन्हा आहे. ग्रीन कार्ड आल्यावर मार्ग मोकळा झाला. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकांचा वेगळा केंद्रीय परवाना असतो. तीन वर्षांची फी तीस डॉलर. त्यात एक वही ठेवावी लागते: काय आलं, कोणाकडून आलं, कधी; आणि काय गेलं, कोणाकडे गेलं. या रायफली इथे आल्या त्याही कायद्याच्या फटीतूनच. १९६३ मध्ये केनेडींचा खून टपालाने मागवलेल्या जुन्या इटालियन लष्करी रायफलीने झाला, आणि १९६८ च्या कायद्याने अशा मालाची आयात बंद केली. १९८४ मध्ये जुन्या संग्राह्य शस्त्रांपुरती ती पुन्हा खुली झाली, तेव्हा देशोदेशीची कोठारं इकडे रिकामी होऊ लागली. २००३ च्या सुमारास तर नेपाळचं जुनं शस्त्रागारच्या शस्त्रागार इथल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतलं.

भारतात मी हा छंद करू शकलो नसतो. थ्री नॉट थ्री लष्करी बोअर, म्हणजे नळीचं लष्करी माप, म्हणून सामान्य माणसाला बंद. म्हणूनच आपल्या कारखान्यांनी याच यंत्रणेवर पॉइंट थ्री वन फाइव्हची शिकारी रायफल काढली. परवान्यावर पूर्वी तीन शस्त्रं ठेवता यायची, २०१९ च्या दुरुस्तीने दोनच. पुरातन किंवा कालबाह्य शस्त्राला कायद्यात सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालू शकणार नसेल तरच. मला या कडकपणाची तक्रार नाही. इथे वर्तमानपत्र उघडलं की का ते कळतं. खंत वेगळी आहे. आपल्या संग्रहालयांत तोड्याच्या नक्षीदार बंदुका आहेत, मुठीवर सोन्याचं काम केलेल्या तलवारी आहेत, अहिल्यानगरला रणगाड्यांचं झकास संग्रहालय आहे. पण साध्या शिपायाची साधी रायफल, थिगळासकट, कोणी काचेमागे ठेवून तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात असं मला तरी क्वचितच दिसलं. ती सुंदर नाही, हे एक कारण असावं. दुसरं, ती कालपरवापर्यंत कामावरच होती. ट्रेझरीच्या दारात, बँकेच्या गाडीवर, निवडणुकीच्या बूथवर आपण तिला इतकं पाहिलं की तिला कोणी जुनी वस्तू म्हणेना. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात हीच होती, समोर एके-४७. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला.

आणि मुकुटाचं काय? ते मला टोचतं. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना कायम एक पिढी मागची बंदूक दिली: गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री तेव्हा काळ्यांना स्नायडर, गोऱ्यांना ली-मेटफर्ड तेव्हा काळ्यांना मार्टिनी. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय हिंदी माणसाच्या हातात शस्त्र राहिलं नाही, आणि तो रद्द करा म्हणून काँग्रेस वर्षानुवर्षं ठराव करत राहिली. १९१४ मध्ये लाहोर आणि मीरत डिव्हिजन मार्सेलला उतरल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या. फ्रान्सच्या चिखलात मरायचं असलं की विश्वास बसतो. हे सगळं त्या मुकुटात आहे. मध्ये एकाने सुचवलं, कानस मारून टाक. नाही मारणार. तो शिक्का तिथे असला तरच त्याच्यावरची, स्वातंत्र्यानंतरची नळी आणि तिच्यावर आपल्याच माणसांनी ठोकलेलं साल कळतं.

बाबा गेल्या वर्षी इथे येऊन गेले. रायफलींकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही, चष्मा लावून काडतुसाचा डबा मात्र उघडला. एकेक काढून बुडं बघत बसले. एका काडतुसाच्या गळ्यावर बारीक चीर होती. ते त्यांनी बाजूला काढलं. "हे पास कोणी केलं?" फॅक्टरीबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मग जेवणं होईपर्यंत ते पितळ मऊ कसं करतात, गळा किती तापवतात, चिरलेली खोकी, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं, कशी हाताला कळतात ते सांगत राहिले. मी लिहून घेतलं नाही, आता आठवेल तसं लिहितोय.

पुढे या रायफलींचं काय होणार, हा प्रश्न वहीतल्या 'कोणाकडे गेलं' या रिकाम्या रकान्यामुळे अधूनमधून डोकं वर काढतो. मुलीने स्वच्छ नाही सांगितलंय. तिच्या शाळेत दर वर्षी बंदूकधारी शिरल्याची कवायत होते, बाकाखाली लपून बसायची. तिला मी थिगळाची गोष्ट कुठल्या तोंडाने सांगू? भारतात परत पाठवायच्या तर कुठल्या तरी सरकारी संग्रहालयाने मागायला हव्यात, आणि त्या कागदपत्रांचा विचार केला की झोप येते. ओहायोतला एक संग्राहक आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, त्यालाही ईशापूरचाच नाद. तो घ्यायला तयार आहे. काळा रंग उतरवणार नाही, स्क्रू काढणार नाही, असं त्याने फोनवर कबूल केलंय. लेखी घ्यावं म्हणतोय.